टोरांटोला नेलेलं माहेर

पाचोडच्या आत्याला किलोमीटर मान्यच नव्हते. कोणतंही गाव किती लांब, हे ती भाकरींत विचारायची. फुलंब्रीला जाताना भाकरी बांधून नेणारा माणूस तिच्या मते खादाड. पुण्याला निघालेल्याची पिशवी हलकी दिसली, की मात्र ती त्याच्या घरच्यांचा उद्धार करी.

तिची लेक माधवी, म्हणजे माझी आतेबहीण, लग्न करून टोरांटोला गेली. मी मोबाइलवर पाहून सांगितलं, मुंबईपासून बारा हजार किलोमीटरच्या वर आहे. आत्या म्हणाली, "ते राहू दे. विमानात जेवायचं किती येळा?" मी म्हटलं, दोनदा. "मग कशाला रडायलेत सगळे? लांब नाय."

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. माधवीला दिवस गेले आणि डॉक्टरांनी तिचा प्रवासच बंद केला. पाचोडला सगळ्यांनी हळहळून विषय मिटवला. आत्याने मिटवला नाही. तिने स्वतः जायचं ठरवलं, तेही एकटीने. तिच्या मुलाने, दत्तादादाने, तिचे गुडघे काढले, रक्तदाब काढला, इंग्रजी काढलं. तिने सगळं ऐकून घेतलं, पिशवी भरली आणि शहरात, औरंगपुऱ्यात, माझ्याकडे येऊन राहिली. पासपोर्ट, व्हिसा हातात पडेपर्यंत हलली नाही. घरातून निघताना दादाला एवढंच म्हणाली, "माहेर काय भिंतीत असतं व्हय? मी व्हईन तिथं माझ्या लेकीचं माहेर."

तिकडच्या विमानतळावर तिची बॅग उघडली. डिंकाचे लाडू बघून अधिकारी काहीतरी विचारू लागला. लाडवांत विष आहे असा त्याला संशय आलाय, असं आत्याने ठरवून टाकलं. तिने त्याच्यासमोर एक लाडू खाल्ला आणि दुसरा त्याच्यापुढे धरला. त्याने हसून बॅग बंद केली. पुढे बाळाला धुरी देताना छतावरचा धुराचा भोंगा वाजला, तेव्हा तिने भोंग्यालाच दटावलं म्हणे. नातवाला तेल लावून, लेकीला शेक देऊन, सगळं रीतसर उरकूनच ती परतली.

गेल्या हिवाळ्यात आत्या झोपेतच गेली. भावकीतले थोरले आबा अंगणात बसून म्हणाले, "लेक लई लांब हाय. तिच्यासाठी माती अडवू नका." दत्तादादा मान खाली घालून बसला होता. माती होईपर्यंत भावकीत चूल पेटत नव्हती, लेकरं खोळंबली होती, हेही खरं. तरी मला संताप आला, अजून येतो. जन्मभर जिने अंतराला भीक घातली नाही, तिच्याच दारात बसून ही माणसं अंतर सांगत होती.

त्या अंगणात मी कधी पुरुषांसमोर तोंड उघडलं नव्हतं. मी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. "आबा, माधवी निघालीय. तिनं पाणी पाजल्याशिवाय आत्याला कुणी उचलायचं नाय."

आबांनी मला बरंच ऐकवलं. शहरात राहून मी कशी शेफारले तेही निघालं. मी जागची हलले नाही. शेवटी दत्तादादाच उठला आणि बर्फाची पेटी आणायला गाडी घेऊन गेला. शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणून लेकरांना जेवू घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी माधवी चिकलठाण्याच्या विमानतळावरून थेट दारात उतरली. आबांनी तांब्या उचलून तिच्या हातात दिला.

"पाज, बाई," ते म्हणाले, "तुझ्यासाठीच थांबलोय आम्ही."