अकोल्यापर्यंत सोबत

माझी बायको सायकल क्लबात गेली तेव्हा मी हसलो होतो. मी निवृत्त होऊन घरी बसलेलो. पेपर वाचून झाला की पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचो. आणि ही बाई साठीला टेकलेली, रविवारी पहाटे डोक्यावर हेल्मेट चढवून निघाली.

"पडशीन अन् हाडं मोडून येशीन," मी म्हणालो.

"तुमी हायेच नं घरी, पाय दाबून द्यान," असं म्हणत तिनं बाहेरून फाटक लावूनही घेतलं.

पडली वगैरे काही नाही. पडणार कशी? नोकरीची सुरुवातीची वर्षं ती वलगावच्या पुढच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवायला होती. एसटी दिवसातून एकदा, तीही मनात आलं तर. डब्याची पिशवी हँडलला अडकवून ही सायकलनं जायची. मी त्या वेळी स्कूटरवर कचेरीत जायचो आणि संध्याकाळी थकून आल्याचा मोठा आव आणायचो.

तिचा रविवार मजेत जाऊ लागला. उन्हं वर आली की लालबुंद चेहऱ्यानं परतायची, माझ्यासाठी डब्यात दह्या-चटणीत भिजलेला गिला वडा आणायची, आणि रस्त्यात हरणं कशी आडवी गेली ते सांगत अंघोळीला जायची. मला मात्र रविवार खायला उठायचा. दोघं नोकरीत असताना तेवढा एक वार आमचा होता. आता सगळे वार मोकळे झाले, तर नेमका तोच क्लबानं पळवला. मला तिची सोबत हवी होती, म्हणून मी सभासद झालो. लोकांना मात्र मी सांगत होतो की डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय.

गिअरची सायकल आली, हेल्मेट आलं, बसायच्या जागी गादी शिवलेली ती चड्डी आली. ती मी पहिल्या दिवशी पँटच्या आत घातली. बायकोनं मागून पाहिलं आणि तोंडावर हात धरला. "काहून हसून राहिली?" म्हटलं, तर म्हणे, "काई नाई, खात्यापित्या घरचे दिसून राहिले."

आमचे अध्यक्ष फुलांचे व्यापारी. रविवारी भावाला दुकानावर बसवून ते सायकल काढतात. त्यांनी मला क्लबाचा एकुलता एक कडक नियम समजावून दिला. "ज्यानं नवा मेंबर आणला, त्यानंच त्याले सांभाळाचं. त्याच्या बाजूनंच चालवाचं, समोर जायाचं नाई. नव्या माणसानं एकडाव अकोला गाठलं, की दोघंबी मोकळे." म्हणे पूर्वी एक नवा गडी हायवेवर पंक्चर होऊन एकटा बसला होता, आणि क्लब घरी पोहोचून पोहे खात होता. तेव्हापासून हा नियम.

मला तो नियम फार आवडला. माझ्यासारख्यासाठीच केला असावा असं वाटलं.

मग आमचे रविवार सुरू झाले. क्लब पुढे निघून जायचा आणि वलगावच्या रस्त्यावर आम्ही दोघंच मागे राहायचो. दोन्हीकडे कपाशी, मध्येच एखाद्या शेताच्या बांधावर भाजी विकायला बसलेली बाई. मी थांबून वांगी घ्यायचो. ती पिशवी हँडलला लटकवून मी शर्यतीचे कपडे घालून चाललोय हे बघून बायको कपाळाला हात लावायची. "राइडले आले का बजारले?" मी म्हणायचो, "दोनीले." ती शेजारून मला गिअर कधी बदलायचा ते सांगायची, चढ आला की "श्वास सोडा, धरून नका ठेवू" म्हणायची, अगदी पहिलीच्या वर्गाला सांगावं तसं. आम्ही चहाच्या टपरीवर पोहोचायचो तोवर बाकीच्यांचा दुसरा चहा संपत आलेला असायचा. मला काही घाई नव्हती. लग्नानंतर इतकं सलग आम्ही कधी बोललोच नव्हतो. मी सुखात होतो.

हिवाळ्यात वर्षातून एकदाच होणारी अकोल्याची राइड ठरली. अंधारातच निघालो. पाणी आणि केळी घेऊन एक टेम्पो मागून येत होता. ज्याला झेपणार नाही त्यानं सायकल टाकून त्यात बसायचं. बडनेरा ओलांडेपर्यंत पुढच्यांचे लाल दिवे दिसत होते, नंतर तेही गेले. मूर्तिजापूरला सगळे पोहे खायला थांबलेले होते. आम्ही पोहोचलो तशी अध्यक्षांनी माझ्यासमोर प्लेट सरकवली आणि हसत म्हणाले, "काका, आज कसंबी करून अकोला गाठाच. काकू समोर असल्या की आमाले दम लागत होता. तुमी आल्यापासून आमची राइडच ढिल्ली पडली."

"समोर म्हंजे?"

"म्हंजे एकदम समोर. आमी समदे त्यायच्या मागं."

ते हसले, आजूबाजूचेही हसले. मी पोहे चिवडत बसलो. बायको बाटलीत पाणी भरून आली तेव्हा विचारलं, "तू समोर चालवत होती?"

"हाव."

"सांगतलं नाई कधी."

"सांगतलं असतं तं तुमी आले असते काय?" असं म्हणून तिनं माझ्या प्लेटमधली मिरची उचलली आणि खाल्ली.

त्यानंतरचा रस्ता मला जड गेला. मी इतके महिने समजत होतो की ही माझ्या शेजारून चालवते ती हौसेनं. हौस असेलही थोडी. पण नियम होता, आणि तिनं तो एकदाही बोलून दाखवला नव्हता. बोरगाव मंजूच्या अलीकडे माझा उजवा गुडघा ठणकायला लागला. मी थांबलो. टेम्पो येऊन बाजूला उभा राहिला, आणि माझ्या मनात जे आलं ते सांगून टाकतो. टेम्पोत बसलो तर अकोला राहिलं. अकोला राहिलं तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत ती माझ्या शेजारी. कुणी मला बोल लावणार नव्हतं. गुडघा खरंच दुखत होता.

"बसा तुमी," ती म्हणाली. "गुडघा गेला तं अकोला काय कामाचं? पुढच्या साली पाहू."

ती मनापासून म्हणाली. त्यात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. माझी बाटली काढून तिनं माझ्या हातात दिली, वाकून गुडघ्याला हात लावून पाहिला. तिनं जरा जरी तोंड वाकडं केलं असतं तरी मी रागानं टेम्पोत चढून बसलो असतो. पण ती खुशाल आणखी एक वर्ष द्यायला तयार होती. ते मला घेववेना.

"केळं दे," मी म्हणालो, आणि ते खाऊन पुन्हा सायकलवर बसलो.

एका पुलाचा चढ मी सायकल हातात धरून चालत चढलो. बाकी कसा पोहोचलो ते मला नीट आठवत नाही. अकोल्यात शिरताना ऑटोवाले हॉर्न वाजवत होते आणि मी त्यांना शिव्या देत होतो एवढं आठवतं. क्लब रस्त्याच्या कडेला उभा होता. अध्यक्षांनी आणलेला झेंडूचा हार माझ्या गळ्यात पडला, टाळ्या झाल्या. बायको म्हणाली, "पोचले नं बाप्पा!" आणि सगळ्यांदेखत माझ्या पाठीवरून हात फिरवला. आमच्या घरात अशी पद्धत नाही. मला लाज वाटली आणि फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी पुन्हा वलगावचा रस्ता होता. क्लब पुढे निघाला, आणि ही सवयीनं माझ्या बाजूला राहिली.

"जाय नं आता," मी म्हणालो.

"अन् तुमी?"

"मी काय लेकरू हाय काय? येतो मागून. तू जाय."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, गिअर बदलला आणि गेली. एकेकाला मागे टाकत ती सगळ्यांच्या पुढे निघाली, आणि वळणावर दिसेनाशी झाली. मागे वळून पाहिलं नाही. सायकल चालवताना मी तिला महिनोन् महिने पाहत होतो, पण तो सगळा वेग माझा होता. तिचा मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिला. डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं आलं असं कुणालाही सांगता आलं असतं, पण शेजारी कुणी नव्हतं.