बहिरे तळवे

पावसाचं पाणी उतरून शिरोड्याच्या मिठागरातली जमीन वर आली की तुडवायला पहिला पाय भिकाजीचा पडायचा. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. पस्तीस वर्षं तसंच चालत आलं होतं. मिठाचा वाफा म्हणजे नुसता खड्डा नव्हे. तळाची चिकणमाती आठ-दहा दिवस पायांनी तुडवून मळलेल्या पिठासारखी घट्ट करायची, तेव्हा कुठे खाडीचं पाणी त्यात ठरतं आणि मीठ पांढरं उतरतं. एखादी पोकळी राहिली तर पाणी जिरतं, मिठात माती येते. ती पोकळी डोळ्यांना दिसत नाही, तळव्याला कळते. भिकाजीच्या तळव्याला सगळ्यांच्या आधी कळायची.

तीन वर्षांपूर्वी ती कळेनाशी झाली.

एका सकाळी तो वाफ्यात उतरला आणि चिखल थंड आहे की कोमट हेच त्याला उमगेना. कुणीतरी तळव्यांखाली घोंगडी अंथरल्यासारखं झालं होतं. रक्तात साखर आहे हे त्याला ठाऊक होतं. गोळ्या कधी घ्यायचा, कधी विसरायचा. साखर तळव्यांपर्यंत पोचते हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी परशुराम तुडवत होता. वयाने दहा वर्षांनी लहान, तोंडाने सगळ्यांचा बाप.

"थांबलंस कित्याक रे भिकाजी? जमिनीची परवानगी व्हयी काय?"

"काय नाय," म्हणत भिकाजीने पुढचा पाय टाकला, आणि त्याला आवाज ऐकू आला. घट्ट मातीवर पाय कोरडा पडतो. पोकळीवर पडला की आतून कुणी ओढून घेतल्यासारखा ओला आवाज येतो. इतकी वर्षं तो आवाज कानावर पडत होता, ऐकला मात्र कधी नव्हता. त्या दिवसापासून भिकाजी कानांनी जमीन तुडवू लागला. काम करताना बोलेनासा झाला. लोकांना वाटलं, साठी आली, माणूस शहाणा झाला.

हे त्याने बायकोला, नर्मदेलाही सांगितलं नाही. तळवे गेलेला माणूस आगरात काय कामाचा, हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

खाऱ्या पाण्याने टाचांना भेगा पडतातच. आगरात त्यांना कुणी जखम म्हणत नाही. मिठात घातलेली कैरी टिकते, बांगडा टिकतो, मग दिवसभर मिठात उभा राहणारा माणूस का नासेल? भिकाजीचा मिठावर असा भरवसा होता, की त्याची खातरजमा करावी असंही त्याच्या कधी मनात आलं नाही.

मार्च महिन्यात, मीठ भरात असताना, त्याचा उजवा गुडघा सुजला. सकाळचा चहा होईपर्यंत सोललेल्या नारळाएवढा झाला. वर हात धरला तर चुलीची धग लागावी इतका तापला. अंगात हीव भरलं. चादरीचा नुसता स्पर्श झाला तरी तो दात आवळायचा. नर्मदेने त्याच्याच वाफ्यातलं जाडं मीठ लोखंडी तव्यावर भाजलं, फडक्यात बांधलं आणि गुडघा शेकायला घेतला.

मुलगा दीपेश गोव्यात हॉटेलची गाडी चालवायचा. त्याचा फोन आला. "बाबांनू, डॉक्टराक दाखवा."

"आगरात कोणाचो गुडघो दुखना नाय, रे? जायत बरो."

चौथ्या दिवशी नर्मदेने विचारलं, "पायाक काय लागूक नाय ना?"

"नाय."

पाचव्या दिवशी खाटेवर बसून पाय पुसताना त्याला उजव्या टाचेची भेग दिसली. खोल होती, कडेने पिवळी पडली होती. त्याने बोट दाबलं, तर पू आला. दुखलं मात्र काहीच नाही. त्याने पाय चादरीखाली ओढून घेतला. नर्मदेने भेग पाहिली असती, तर तीही दाबून बघणार, आणि विचारणार, दुखता काय म्हणून. काय उत्तर द्यायचं? सहा दिवस तो पाय चादरीखाली होता आणि वर गुडघ्यावर मीठ शेकत होतं.

अकरा दिवस मिठाचा शेक झाला. बाराव्या दिवशी भिकाजी भलतंच बरळू लागला. तेव्हा दीपेश गाडी घेऊन आला आणि बापाला मागच्या सीटवर आडवा घालून गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला.

गुडघ्यात सुई घातली तर पाण्याऐवजी दाट पिवळा पू आला. हाडांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शब्द मोजून बोलत. "सांध्यात जंतू गेलेत. टाचेतून शिरले आणि रक्तातून वर आले. वय साठीच्या वर, साखर वाढलेली, अशांना हे लवकर गाठतं. पहिल्या एक-दोन दिवसांत आणलं असतं तर गुडघा वाचायला खूप वाव होता. आता आतली कूर्चा जंतूंनी खाल्लीय. आधी जीव वाचवू, मग गुडघ्याचं बघू."

नर्मदा म्हणाली, "मी शेकत होते हो. रोज."



तीनदा गुडघा उघडून धुतला. सहा आठवडे सुया चालल्या. शेजारच्या खाटेवर इन्सुलीचा एक म्हातारा होता, त्याला हेच दुखणं खांद्यात झालं होतं. नवव्या दिवशी त्याची खाट रिकामी झाली आणि दुपारपर्यंत तिच्यावर दुसरा आला. भिकाजी वाचला. गुडघा मात्र सरळ तो सरळच राहिला, दाराला घातलेल्या अडसरासारखा.

नर्मदा चहा आणायला गेली असताना डॉक्टरीणबाई त्याच्यापाशी आल्या. "काका, तुमच्या तळव्यांना काही कळत नाही. हे घरी सांगा. गुडघा वाकत नाही, त्यामुळे उजवा तळवा तर आता तुम्हाला दिसणारही नाही. रोज कुणीतरी तो बघायला हवा. पुन्हा भेग चिघळली तर पाय कापायची वेळ येईल."

भिकाजीने मान हलवली. घरी सांगितलं नाही. आता सांगायचं म्हणजे चादरीखालचे ते सहा दिवसही सांगावे लागले असते.

त्यानंतरचे महिने पडवीतल्या खुर्चीत गेले. पाय समोर स्टुलावर. खालून कोंबड्या जायच्या. जमिनीवर जेवायला बसणं संपलं, रिक्षात शिरायचं तर दोघांनी आडवं आत ढकलायचं. "तुमचो पाय बघून पावणे दारातसून परत जातत," नर्मदा म्हणायची, आणि तो हसायचा. वितीभर रुंद बांधावरून आपण आता कधी चालणार नाही, हे कळलेला माणूस जसा हसेल तसा.

डिसेंबरात परशुराम रिक्षा घेऊन आला. "चल, आगरात बस जरा. हय बसान लोणचा जातला तुझा."

रस्त्याच्या कडेला, पहिल्या वाफ्यापाशी, प्लास्टिकची खुर्ची ठेवली. सहा जण तुडवत होते. भिकाजीने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाला, "परशुराम, दोन पावलां मागे ये. थय पोकळ आसा."

परशुरामाने पाय टाकला, तो घोट्यापर्यंत आत गेला. पुन्हा एकदा तसंच झालं. तिसऱ्यांदा परशुराम कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बसान तुका कसा कळता रे?"

"कानान. तीन वर्षां कानानच करतंय."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो ते.

"मगे पाय काय शोभेक होते?" परशुराम म्हणाला, आणि सगळे हसले.

मागे पेजेचा डबा घेऊन नर्मदा उभी होती. ती हसली नाही.

संध्याकाळी तिने पडवीत कोमट पाणी आणलं. त्यात मीठ घातलेलं नव्हतं. त्याच्या पायापाशी मांडी घालून बसली आणि उजवा पाय धुऊन कोरडा केला.

"डोळे मिटा."

त्याने मिटले.

"कळता?"

"कळता."

"खंय?"

"टाचेर."

त्याने डोळे उघडले. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

"मिया हात लावूकच नाय," ती म्हणाली. मग खाली बघत, "अकरा दिस तवो तापयलंय मिया. म्हटला, माझाच काय तरी चुकला. आणि तुमका म्हायत होता."

"सांगितलंय असता, तर आगरात माका कोणी घेतल्यान असता?"

"आता खंय घेतल्यानी?"

तिने त्याची टाच दोन्ही हातांत धरली, उजेडाकडे वळवली आणि वाकून बघू लागली. तिच्या कपाळावरची आठी त्याला दिसत होती. ती काय बघते आहे ते दिसत नव्हतं.

"हय एक भेग आसा," ती म्हणाली. "ओली."

"किती खोल?"

पदर खोचून ती अजून पुढे सरकली.

"पाय हलवू नकात," ती म्हणाली.

पाय हलणार नव्हताच.