पावडरमावशीचं उत्तर

वाहिनीवर चर्चेला येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड आधी पावडरमावशीच्या हातात यायचं. गळ्याशी कागदी रुमाल खोचायचा, स्पंजने घाम टिपायचा, टक्कल असेल तर त्यावरही पफ फिरवायचा, कारण दिव्यांखाली ते नको तेवढं चमकतं. नवरा गेल्यावर याच कामावर तिने एकुलती लेक शिकवली. दुसऱ्याचं तोंड रंगवताना आपलं उघडायचं नाही, हा तिचा नेम. खुर्चीतला माणूस वाट्टेल ते बरळो, मावशी गप्प.

गेला आठवडाभर मात्र ती आतून धुमसत होती. चंद्रावर माणसं पाठवायची की नाही, यावर रोज संध्याकाळी दोघे तावातावाने भांडत. निवृत्त अधिकारी म्हणे पाठवाच, प्राध्यापक म्हणे यंत्रं पुरेत. पडद्यावर एकमेकांच्या अंगावर धावणार आणि इथे शेजारशेजारी बसून चहा ढोसत टाळ्या देणार. असलं भांडण काय जाळायचंय?

चंद्रावर जायला निवडलेल्या चौघांत मावशीची लेक होती. वाहिनीत कुणाला पत्ता नव्हता. लेक फोनवर म्हणाली होती, "आई, तू नाही म्हणालीस तर मी नाव मागे घेते. पण शनिवारपर्यंत सांग." एवढी शिकलेली माणसं बोलतायत, कशासाठी जायचं ते कुणीतरी धड सांगेल, म्हणून ती रोज कान देऊन ऐकत होती. कुणी सांगेल तर शपथ!

आज शनिवार. अधिकाऱ्याच्या टकलावर पफ फिरत होता, तेवढ्यात तो प्राध्यापकाला म्हणाला, "अहो, धोका असणारच. चार गेले तर गेले! नाव तर होईल."

पफ थांबला.

"त्या चौघांत माझी मुलगी आहे," मावशी म्हणाली.

अधिकाऱ्याचा चेहरा पडला. प्राध्यापकाचा मात्र खुलला. "मावशी, मग आज तुम्हीच चला ना आत! आईच्या डोळ्यांत पाणी दिसलं की सगळ्यांची तोंडं बंद."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाला तिची पोर मेली तरी चालणार होती, दुसऱ्याला ती रडायला हवी होती.

"मी नको म्हणाले, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" ती कडाडली. "आठवडाभर तुमची थोबाडं रंगवतेय मी. का जातेस, असं त्या पोरीला एकदा तरी विचारलंत? उठा. निघा दोघंही!"

"अहो, पण अर्धंच टक्कल झालंय..."

"चमकू दे."

दोघे गेल्यावर मावशी त्याच खुर्चीत मटकन बसली. समोर आरशात स्वतःचं लालबुंद तोंड दिसलं आणि तिच्या लक्षात आलं, की तिनेही लेकीला हे विचारलं नव्हतं. रडून झालं, अबोला धरून झाला, विचारायचं तेवढं राहिलं. आता तिला स्वतःचाच संताप आला. तिने फोन लावला.

"का जायचंय गं तुला?"

लेक म्हणाली, "मोठमोठी कारणं मला सांगता येत नाहीत, आई. तिथे उभं राहून बघायचंय. माझ्याऐवजी दुसरं कुणी गेलं, तर जन्मभर वर बघून चडफडत राहीन."

"भीती नाही वाटत?"

"वाटते. खूप वाटते."

चडफडणं घराण्यातलंच होतं, ते मावशीला लगेच पटलं. भिंतीवरच्या पडद्यावर चर्चा सुरू झाली होती आणि अर्धं टक्कल लखलखत होतं.

"जा," मावशी म्हणाली. "पण माझा राग गेलेला नाही, सांगून ठेवते. परत ये, मग भांडते तुझ्याशी. नाही आलीस, तर मी भांडू कुणाशी?"