छत्तीसपैकी सव्वीस

वासंतीबाई पोतनीस आयुष्यभर सरकारी शाळेत हिंदी शिकवत आल्या, आणि त्या दिवशी हिंदीनंच त्यांचा घात केला. मंडळाची सचिव म्हणून मी शेजारच्याच खुर्चीत होते. माझाही दोष आहेच, नाकारत नाही.

उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट त्यांच्या यजमानांनी, प्रभाकररावांनी उभी केलेली. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. लग्नाळू मुलामुलींच्या कुंडल्या ते हातानं मांडत आणि स्कॅन करून साइटवर ठेवत. दोनशे बारा होत्या. मूळ कागद वाळवीनं खाल्ले. बाईंचा कुंडलीवर विश्वास नव्हता, कधी एक उघडून पाहिली नाही. पण "आमचे सव्वीस गुण जुळले, ह्यांनीच मांडून घरी दाखवले होते," हे मात्र दर हळदीकुंकवाला सांगायच्या.

यंदा मंडळाचा अंक छापण्याऐवजी ऑनलाइन काढायचा ठरला, संपादक बाईच. जुन्या साइटला धक्का न लावता नवी प्रणाली एका उपफोल्डरमध्ये बसवायची होती. तिला लागणारं पीएचपी नावाचं नवं सॉफ्टवेअर आमच्या जुन्या सर्व्हरवर चालेना. होस्टिंगवाल्यांनी सकाळी सगळं खातं नव्या सर्व्हरवर हलवलं आणि संध्याकाळी त्यांच्या सुमीतचा फोन आला.

"मैडम, फोल्डर का नाम क्या रखें?"

"पत्रिका," बाई म्हणाल्या. हिंदीत मासिकाला दुसरं काय म्हणणार?

"पत्रिका तो पहले से है. इंस्टॉल के लिए फोल्डर खाली चाहिए. पुराना माल उड़ा दूँ?"

"पुरानी पत्रिका? उड़ा दो भैया, छपी हुई अलमारी में रखी है."

मीही मान डोलावली. सचिवांचं काम तेवढंच असतं. पाच मिनिटांनी बाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"अश्विनी, गडबड झाली गं! ह्यांनी नाव मराठीत ठेवलं असणार. ह्यांची पत्रिका म्हणजे कुंडली!"

साइट उघडली. कुंडल्यांच्या यादीत नावं होती, पण कुठल्याही नावावर बोट ठेवलं की पान कोरं.

सुमीतला पुन्हा फोन लावला. तो घाबरलाच. "पुराने सर्वर पर कॉपी होगी, मैडम. पर वो छह बजे साफ़ हो जाएगा. होल्ड कीजिए."

पावणेसहा झाले होते. फोनवर ती मेली होल्डची धून सुरू झाली. मला इतका संताप आला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला. बाई मात्र पदर मुठीत धरून बसल्या होत्या. "ह्यांचं अक्षर तेवढंच उरलं होतं, आणि ते मीच पुसायला सांगितलं," एवढंच म्हणाल्या.

सहाला तीन मिनिटं असताना धून थांबली. "मिल गया मैडम. दो सौ तेरह फाइलें."

"दोनशे बाराच हव्यात," बाई पुटपुटल्या.

दोनशे तेरावी फाइल यादीत कधी घातलेलीच नव्हती. नाव होतं 'वासंती'. उघडली. पिवळ्या पडलेल्या कागदावर त्या दोघांच्या कुंडल्या आणि खाली प्रभाकररावांचं बारीक अक्षर: 'गुण साडेअकरा. घरी सव्वीस सांगितले. हिला सोडवत नाही.'

सुमीत विचारत होता, नव्या फोल्डरचं नाव काय. मीच 'अंक' म्हणून सांगून टाकलं.

चाळीस वर्षं नवऱ्याला 'हे' म्हणणाऱ्या बाई पडद्याकडे बघत रडत होत्या. "प्रभाकर," त्या म्हणाल्या, "लबाड होतास रे तू."