शारजातला हीटर

आमच्या वर्कशॉपच्या फरशीवर मेण सांडतं आणि आमच्या डोक्यात किस्से. दोन्ही कितीही पुसा, निघत नाहीत!

शारजाबाहेरच्या एका शूटिंग क्लबात मी स्टोअर सांभाळतो. शेजारच्या खोलीत आमचे साताऱ्याचे सावंतकाका जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी शिशाच्या गोळ्या तयार करतात. हँडल दाबलं की त्यांच्या मशीनमध्ये गोळी नेमक्या मापाची होते आणि तिच्या खाचेत मेण भरतं, नळीतून ती सुरळीत सरकावी म्हणून. मेण भलतंच कडक, म्हणून मशीनखाली छोटा हीटर. वाळवंटात हीटर कशाला? कारण आमचे मॅनेजर अबू खालिद अख्ख्या क्लबचा एसी अठरावर ठेवतात, आणि रिमोटला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही!

*

हा हीटर घ्यायला काका भर जुलैत दुकानात गेले. बाहेर नुसती भट्टी. "हीटर है क्या?" म्हटल्यावर दुकानदाराने त्यांना आधी खुर्ची दिली, मग थंड पाणी.

"हबीबी, आराम से बैठो. घर में किस को फोन करूँ?"

*

पहिल्या दिवशी काकांनी हीटर फुल सोडला. मेण पातळ होऊन चहूकडून गळायला लागलं, गोळ्या बुडापर्यंत माखल्या.

"काका, गुलाबजाम झाले की हो!"

"हस लेका! मेण खाचेत पाहिजे. बुडाला लागलं तर काडतुसातली दारू बिघडते." सगळा लॉट बाद. त्या दिवशी काका माझ्याबरोबर चहालासुद्धा आले नाहीत.

*

मग त्यांनी शक्कल लढवली. मेणाच्या कांड्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवल्या, फुकटात मऊ होतील म्हणून! दुपारी बघतात तर कांड्या गायब, आणि एसीच्या जाळीतून मधाच्या पोळ्याचा वास. काकू तेव्हापासून मागच्या सीटवर बसतात. बारावीतली श्रुती शाळेपाशी उतरताना रोज ओरडते, "बाबा, आय स्मेल लाइक अ कँडल!"

काका हसतात. पोरगी म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

*

आणि हा परवाचा. मागच्या मॅचला आमच्या मेंबरांचे नेम भलतीकडेच गेले. अठराच्या एसीत हीटर पुरा पडला नव्हता; मेण गार राहिलं होतं, खाचा अर्ध्याच भरल्या होत्या. अबू खालिद वर्कशॉपमध्ये येऊन म्हणाले, "सावंत, अगला मॅच में भी ऐसा हुआ तो वर्कशॉप खलास. रेडीमेड मंगाएगा."

वर्कशॉप खलास म्हणजे काकांचा व्हिसा खलास, आणि श्रुतीची बारावी अर्ध्यात. काकांनी घरी अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या मॅचच्या गोळ्या करायच्या त्याच सकाळी हीटर जळाला! काका डोकं धरून बसले. मग उठले, सरळ वर्कशॉपचा एसी बंद केला आणि बाहेरचं शटर वर केलं. गरम वारा भसकन आत आला.

"काका, साहेब बघतील!"

"बघू दे. मेण तरी मऊ होईल."

आणि झालं की! दुपारपर्यंत हँडल लोण्यात गेल्यासारखं दाबलं जायला लागलं. आम्ही दोघं घामाने निथळत होतो आणि काका चक्क शीळ घालत होते.

तेवढ्यात आतल्या दाराने अबू खालिद आले. अंगात पांढराशुभ्र कंदुरा, इथला पायघोळ अरबी झगा. बंद एसीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. काकांची शीळ थांबली. साहेबांनी एक गोळी उचलली, खाचेवरून नख फिरवलं. खाच काठोकाठ भरलेली! डोक्यावरचा रुमाल काढून त्यांनी मानेचा घाम पुसला आणि स्टूल ओढून मशीनपाशीच बसले.

"यल्ला सावंत, चलाओ."

काका चालवत राहिले. साहेबांच्या कंदुऱ्यावर मेणाचा डाग पडला, पण त्यांना पत्ताच नाही. स्वतःच्या हाताने एकेक गोळी ट्रेमध्ये लावत होते!

मग आतलं दार पुन्हा उघडलं. अकाउंट्सचा जोसेफ, हातात फाइल. "सर, रेडीमेड का ऑर्डर. बस आपका साइन..."

साहेबांनी मान वर केली नाही.

"अरे जोसेफ, दरवाज़ा बंद करो! ठंडी आता है!"