साडूंचा फेस

फेसावर एवढा जीव टाकणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच झाला, आणि तो माझ्या नशिबी थोरला साडू म्हणून आला. तरुणपणी ते पुण्याकडच्या एका बिअरच्या कारखान्यात जवाच्या कोठारावर होते. बिअरचा थेंब त्यांनी कधी जिभेला लावला नाही. पण ग्लासात ओतल्यावर जो पांढरा फेस चढतो, त्याची भक्ती घेऊन ते गावी, म्हसावदला परतले. चरवीत दूध फेसाळलं की ते गोठ्यात खिळून उभे राहत. लग्नात तुरीची डाळ शिजत असली की मांडवात सापडायचे नाहीत, चुलीपाशी सापडायचे. आचाऱ्याने वरचा फेस काढायला झारा उचलला की हे त्याचा हात धरत. "थांब रे भो. हाऊ मळ नही शे, प्रोटीन शे. बुडबुडाले तेच कातडं देस." तिकडे अक्षता पडून जायच्या.

पुढे त्यांनी स्वतःच जव पेरला. सालदाराला शेणखत घालू देईनात. खत जास्त झालं तर दाण्यात प्रोटीन वाढतं आणि बिअर गढूळ होते म्हणे. बिअरला मोड आलेलाच जव लागतो, म्हणून मग गोठ्यात जव भिजवून मोड आणायला घेतले. मोड कमी आले तरी पंचाईत, जास्त वाढले तर प्रोटीनचा भुगा होऊन फेस बसणार! दर घटकेला उठून दाणा चावून बघत. माझी मेव्हणी म्हणाली, "मन्ही पोरना बाळंतपणमा इतल्या खेपा नही घाल्यात यास्नी."

तो मोड आणून वाळवलेला जव त्यांनी कारखान्याला पाठवला, आणि काय सांगू, खुद्द तिथला साहेब त्याच जवाच्या बिअरची एक बाटली घेऊन नंदुरबारच्या डाकबंगल्यावर उतरला! फेस टिकला तर दर साली तापीकाठचा जव घेणार. गाव इतकी वर्षं ज्या वेडाला हसत होतं, त्याचा निकाल त्या एका बाटलीत होता.

ग्लासांचं काम माझ्याकडे. साडूंचा हुकूम असा, की सोड्याने धुवायचे, उपडे ठेवायचे, पुसायचे नाहीत. मी धुतले. पण पाहुण्याच्या हाती ओला ग्लास द्यायचा? आपल्यात काही रीतभात आहे की नाही? घेतलं उपरणं आणि पुसले लखलखीत. त्याच उपरण्याच्या टोकाला मी सकाळी भुईमुगाच्या तेलातली भजी बांधून आणली होती, हे मात्र ध्यानात राहिलं नाही.

साहेबाने ओतलं. फेस दोन बोटं चढला, माझी छाती चार बोटं फुगली, आणि बघता बघता फेस खाली बसला. वर नुसतं सपाट पाणी.

"ऐसा क्यों?" साहेबाने विचारलं.

साडूंनी ग्लास नाकाशी नेला, उजेडात धरला, एकदा माझ्या खांद्याकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "हमारे जव में दम नहीं, साहेब."

परतताना गाडीत मी समजूत घालू लागलो. "साडूभाऊ, जव खरंच हलका होता का हो?"

"उपरणं हुंग," ते म्हणाले.

मी हुंगलं. सकाळच्या भज्यांचा वास आला.

"तेल लागनं का फेस मरस. जवना माथे खापर फोडं, जवले काय कान शेतस? तुन्हा माथे फोडतू, ते तू जलमभर तोंड लपाडी फिरता."

पुढल्या साली त्या वावरात कपाशी उभी राहिली. गाव त्यांच्या जवाला हसत राहिलं आणि खरं सांगायला माझी जीभ काही रेटली नाही. पारावर विषय निघाला की मीही चार लोकांत हसायचो. तेव्हा ते माझ्याकडे बघत, आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसत.