दुपारी धाप लागणारा पंप

जेर्बा बेटावरच्या आमच्या हॉटेलात मन्नूबिया बावीस वर्षं चादरी धूत होती. आडवा बांधा, मोठा आवाज, आणि समोर मॅनेजर असो की पाहुणा, बोलणं तोंडावर. तिचे वडील डाळिंबाच्या बागेत विहिरीवरचं इंजिन चालवायचे. घरात मुलगा नव्हता, म्हणून इंजिन खोलताना पाने-पकडी धरायला हीच. धोबीखान्यातलं यंत्र अडलं की मेकॅनिकची वाट न बघता ती स्वतःच खोलायची. मी तेव्हा स्वागतकक्षात होतो, त्यामुळे त्या जूनमधला सगळा प्रकार माझ्या डोळ्यांदेखत झाला.

पोहण्याच्या तलावाचा पंप बिघडला होता. सकाळी ठणठणीत चालायचा आणि बारा वाजले की धापा टाकायचा. पंपाच्या तोंडाशी कचरा अडवणाऱ्या जाळीच्या डब्यावरच्या पारदर्शक झाकणातून बघावं तर आत अर्धंच पाणी, बाकी नुसते बुडबुडे. दाबाचा काटा शून्याकडे. आठवड्यात तलाव हिरवट झाला आणि पाहुणे तक्रारी घेऊन माझ्यापुढे उभे राहू लागले.

गावातून शुक्री नावाचा तरुण इंजिनियर यायचा, सकाळी नऊला. पंप त्याच्यापुढे शहाण्यासारखा वागायचा. आधी त्याने झाकणाचं रबर बदललं, मग गाळणीतली वाळू. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "मोटर थकलीय. नवी बसवा."

मॅनेजर लुत्फी मान डोलावणार, तेवढ्यात टॉवेलांचा गठ्ठा घेऊन चाललेली मन्नूबिया थांबली.

"लुत्फीसाहेब, थकलेलं माणूस सकाळीही थकलेलंच असतं. ही रोज सकाळी ताजीतवानी कशी होते?"

"मन्नूबिया, तू चादरी बघ."

"चादरी वाळत घातल्यात. त्यांना आता उन्हाची गरज आहे, माझी नाही."

शुक्री हसला. "मावशी, हे काही धुण्याचं यंत्र नाही."

"ते दिसतंच आहे, बाळा. माझं यंत्र दुपारीही चालतं."

मी मान खाली घालून हसू दाबलं. लुत्फींनी कपाळ चोळलं. "बरं, एक दिवस देतो. पण काही मोडलंस तर?"

"मोडलेलंच आहे की!"

दुसऱ्या दिवशी अकरालाच ती पंपाशेजारी स्टूल टाकून बसली. मांडीवर हरिसाची तिखट चटणी लावलेला पाव, हातात नवऱ्याचा दाढीच्या फेसाचा डबा. मी चहा घेऊन गेलो.

"बस," ती म्हणाली, "पण तोंड बंद."

पत्र्याच्या छपराखालून ऊन सरकत सरकत पाइपावर आलं. बाराला दहा मिनिटं असताना झाकणाखाली पहिला बुडबुडा दिसला. मग रांगच लागली. मन्नूबिया उठली. तलावाकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपाच्या प्रत्येक जोडावर तिने फेस फासला आणि वाकून बघत राहिली. पहिल्या जोडावर काही नाही, दुसऱ्यावरही नाही. पाइप जिथे आट्यांनी पंपात बसतो, तिथल्या फेसाला मात्र खळी पडली आणि तो आत ओढला गेला.

तिने बाटलीतलं गार पाणी त्या जोडावर ओतलं. बुडबुडे थांबले, काटा वर चढला. पाच मिनिटं ऊन लागलं आणि पुन्हा तेच.

"बोलाव त्यांना," ती म्हणाली. चेहरा असा, की जणू हे तिला कालच ठाऊक होतं.

लुत्फी आल्यावर तिने तोच खेळ पुन्हा करून दाखवला. "ऊन लागलं की हे प्लास्टिक सैल पडतं. मग पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. सकाळी गारव्यात फट मिटलेली. नऊला येणाऱ्याला ती दिसणार कशी?"

मग वीज तोडून, दोन्ही बाजूंच्या तोट्या बंद करून तिने त्या जोडाचा तुकडा सोडवला. आटे वितळून गुळगुळीत झाले होते.

"हा कधीतरी पाण्याविना चाललाय. तापल्याशिवाय असं होत नाही."

लुत्फींनी तो तुकडा हातात घेऊन फिरवला. मग हळूच म्हणाले, "मार्चमध्ये तोटी बंद राहिली होती. माझ्याच हातून."

"मग आज तुमच्याच हातून नवा तुकडा आणा," ती म्हणाली. लुत्फी खरंच गाडी काढून गेले.

तिने नव्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून तुकडा बसवला, जाळीचा डबा काठोकाठ पाण्याने भरला, झाकण आवळलं आणि बटण दाबलं. पंप खोकत राहिला. लुत्फींच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"थांबा हो, त्याला घोट तरी घेऊ द्या!"

मिनिटभराने खोकला थांबला आणि काटा चढून जागेवर स्थिरावला. तिने पाइपावर खजुराच्या झावळ्यांची चटई टांगली आणि उरलेला पाव खायला बसली.

शुक्री दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुपारी आला. दोन वाजेपर्यंत पंपापाशी उभा राहिला. एकही बुडबुडा नाही.

"मावशी, मी नवी मोटर बसवली असती ना, तर तीही…"

"तीही दुपारी धापा टाकत बसली असती. आणि तू तिलाही थकलेली म्हणाला असतास. ये, चहा घे."

महिन्याभरात धोबीखाना सुटला आणि पंपघराची किल्ली तिच्या कमरेला आली. आता शेजारच्या दोन हॉटेलांतूनही तिला बोलावणं येतं आणि अडलं की शुक्री फोन करतो. पंपघराच्या दारावर निळ्या रंगात लिहिलंय, 'उस्ता मन्नूबिया'. कसबी कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात. पाटी तिने स्वतःच रंगवून घेतली, लुत्फींना विचारलंसुद्धा नाही.